वळवाने पाडलेलं झाड वीरगळांवरून उतरवताना

वळीव येतो तो बहुतेक दुपारनंतर. आधी धुरळा, मग वारा, मग टपोरे थेंब. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत देवळांच्या आवारातली झाडं पडतात ती या अर्ध्या-पाऊण तासाच्या वाऱ्याने. गुलमोहर आणि निलगिरीचा नंबर आधी लागतो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरच्यावर पसरलेली. चिंच सहसा उन्मळत नाही, पण तिची जाड फांदी बेचक्यातून फाटते. याच आवारात भिंतीलगत, पाराभोवती वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांचे), भंगलेले नंदी उभे असतात. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथ मंदिराच्या आवारातले वीरगळ पाहिले की कळतं, हे छप्पर नसलेलं संग्रहालयच आहे.

झाड कापणारे हात गावात कमी नसतात. अडचणही तिथेच आहे. सवयीने माणूस आधी जाड खोडाला भिडतो, कारण खोड हललं की काम झाल्यासारखं दिसतं. वीरगळांच्या आवारात हा क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी दगड झाकायचे, मग बारके फाटे काढायचे, मग खोडाला टेकू द्यायचा आणि खोड सगळ्यात शेवटी कापायचं. रस्त्यावरच्या झाडाला जे दोन तासांत उरकतं, त्याला इथे दोन सकाळी लागल्या तरी हरकत नाही. झाड पुन्हा लावता येतं.

हात लावण्याआधी

पहिली नजर तारांकडे. पडलेली तार, ताणलेली सर्व्हिस वायर, फांदीत गुंतलेला खांबाचा ताण, यातलं काहीही दिसलं तर दहा मीटरच्या आत कोणी जायचं नाही आणि महावितरणला १९१२ वर कळवायचं. गावात लाईट गेलेली आहे म्हणून तार मेलेली आहे असं धरू नका. ती कधीही परत येते, शिवाय जवळच्या घरातला जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर उलटाही प्रवाह येतो. वायरमन जागेवर येऊन लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत कोयतासुद्धा चालवू नये.

दुसरी नजर वर. वड-पिंपळावर आग्यामोहळ असेल आणि वाऱ्याने पोळं फुटलं असेल तर माश्या दोन-तीन दिवस चिडलेल्या राहतात. चेनसॉचा, म्हणजे साखळीच्या करवतीच्या मशीनचा, आवाज आणि धूर त्यांना आणखी उठवतो. अशा वेळी काम सरळ पुढे ढकला. चिंचेवर बगळ्यांची वसाहत असेल तर खाली पडलेली पिल्लं सापडतात. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठी आहे.

तिसरी नजर पायाखाली. पाल्याच्या ढिगात, उलटलेल्या मुळांच्या खड्ड्यात आणि वीरगळांच्या मागच्या फटीत घोणस किंवा फुरसं असू शकतं. हात घालण्याआधी लांब काठीने पाला हलवायचा. पायात बूट हवेतच. चपलेवर आलेल्याला पाणी वाटण्याचं काम द्या, त्यात त्याचा अपमान नाही.

मग परवानगी. स्मारक राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवल्याशिवाय आत काहीही हलवू नये. बहुतेक गावांतले वीरगळ संरक्षित यादीत नसतात. तिथे ग्रामपंचायत आणि देवस्थानचे विश्वस्त यांची लेखी संमती घ्या, आणि तलाठी-ग्रामसेवकांकडून पडलेल्या झाडाचा पंचनामा करून घ्या. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, साग, चंदन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपोआप पडलेलं असलं तरी पंचनाम्याआधी तोडलं की पुढे 'पडलं होतं की पाडलं' हा वाद होतो. नगरपालिका हद्दीत परवानगी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची.

शेवटी फोटो. प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा, पण दगडावर खडू, रंग, मार्कर काहीही लावायचं नाही. पुठ्ठ्याचं लेबल सुतळीला बांधून शेजारी खुंटीला अडकवा. प्रत्येक दगडाचे चार बाजूंनी फोटो, त्यात मोजपट्टी दिसली पाहिजे. आधीच तुटलेला कोपरा आणि वादळात तुटलेला कोपरा नंतर ओळखता येतो तो या फोटोंवरूनच. ताजा तुटवा काळसर राखाडी आणि स्वच्छ असतो, जुन्यावर शेवाळ किंवा शेंदूर चढलेला असतो.

दगड झाकणं

वीरगळ कुठे मोडतो हे माहीत असलं की झाकायचं कसं ते आपोआप कळतं. बेसॉल्ट टणक असतो, पण कोरीव काम फार तर दोन-चार सेंटिमीटर उठावाचं. खालच्या पट्टीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, दोन बाजूंना चंद्र-सूर्य आणि माथ्यावर कलश. सगळ्यात आधी तुटतो कलश, कारण तिथे दगड निमुळता होतो. त्यानंतर खालच्या पट्टीतल्या उगारलेल्या तलवारी आणि घोड्यांची डोकी. सतीशिळेवर कोपरात वळलेला हात असतो, त्याची बोटं आणि बांगड्यांच्या कडा.

गोणपाटात कडबा किंवा उसाचं पाचट सैलसर भरून गाद्या तयार करा. कोरीव बाजूला अशा दोन गाद्या, माथ्याला एक. वर ट्रकचं जुनं टायर आडवं बसवा आणि सगळं सुती दोरीने बांधा. गाठ दगडाच्या मागच्या बाजूला यावी. त्यावर ताडपत्री टाका, कारण चेनसॉचं तेल दगडाच्या बारीक छिद्रांत गेलं की डाग निघत नाही. लोखंडी तार वापरू नका. वाळूची पोती दगडाला टेकवून रचू नका, त्यांचा भार दगडावरच येतो. ती पुढे एक फुटावर, अडसर म्हणून ठेवा. ओंडका घरंगळला तर आधी पोत्याला अडतो.

रांगेतले जे दगड झाडाखाली नाहीत तेही झाका. नुकसान बऱ्याचदा शेजारच्या दगडाचं होतं, फाटे ओढून नेताना.

माणसं आणि हत्यारं

बारा माणसं पुरतात: एक मुकादम, एक मशीन चालवणारा आणि त्याचा जोडीदार, दोरावर दोघं, फाटे वाहणारे पाच, नोंदी-फोटोला एक, आणि एक जण फक्त वर आणि चहूकडे लक्ष ठेवणारा. शेवटच्या माणसाला लोक हमखास कामाला लावतात, लावू नये. शिट्टी एकच अर्थाची ठेवा: वाजली की सगळ्यांनी थांबायचं. ती कोणीही वाजवू शकतो.

साहित्य असं:

- चेनसॉ, १६ ते १८ इंची बारचा (बार म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी). याहून मोठा वीरगळांच्या दाटीत वळवता येत नाही.
- दोन हातकरवती, तीन कोयते, एक कुऱ्हाड. दगडापासून दोन मीटरच्या आत कुऱ्हाड बंद.
- प्लास्टिकच्या किंवा बाभळीच्या सहा पाचरी आणि लाकडी मोगर.
- १६ मिमीचा नायलॉन दोर, ३० मीटरचे दोन; रुंद पट्ट्याचे चार स्लिंग.
- एक टनाची चेनपुली, दोन स्क्रू जॅक, बल्ल्या, फळ्या, जाड बांबूचे रूळ.
- प्रथमोपचार पेटी, माणशी चार लिटर पाणी, ओआरएस.

मशीन चालवणाऱ्याला हेल्मेट, जाळी किंवा चष्मा, इअरमफ, हातमोजे आणि मांड्यांवर चेनसॉ चॅप्स (चेन लागली तरी पाय वाचवणारं जाड आवरण). चॅप्स नसतील तर स्वयंसेवकाच्या हाती मशीन देऊ नये. हातकरवतीने काम उशिरा होईल, पण होईल. मोटारसायकलचं हेल्मेट चालत नाही, त्यात बाजूचं दिसत नाही आणि शिट्टी ऐकू येत नाही. उपरणं, ओढणी, सैल बाह्या मशीनजवळ नकोत.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल किती घालायचं ते मशीनच्या पुस्तिकेवरून ठरवा. काही मशीनना लिटरला २० मिली लागतं, काहींना ४०. कमी पडलं की पिस्टन धरतो. इंधन भरताना इंजिन दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि भरायची जागा दगडांपासून लांब ठेवा. प्रत्येक टाकीबरोबर चेनचं तेलही भरायचं. चेनला धार आहे की नाही हे भुश्यावरून कळतं. जाड किस पडत असेल तर ठीक, पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून कानशीने धार लावा. बोथट चेनवर माणूस जोर लावतो, आणि मशीन अंगावर येतं ते त्याच क्षणी. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू द्यायचा नाही. तो लागला की मशीन चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतं, आणि वीरगळांच्या गर्दीत पाल्याआड दगड असतोच. दगडापासून अर्ध्या मीटरच्या आतलं सगळं कापणं हातकरवतीने करा, हा नियम मोडू नये.

वेळ सकाळी साडेसहा ते अकरा. ऊन वाढलं की चुका वाढतात आणि दुपारी पुन्हा वळीव येतो. विजेच्या इशाऱ्यासाठी फोनवर 'दामिनी' ॲप असू द्या. गडगडाट ऐकू आला की काम बंद, आणि आडोशाला दुसऱ्या झाडाखाली जायचं नाही.

फाटे काढताना

पाला आणि मनगटाएवढे फाटे बाहेरून आत काढत या. दगडांवरून फाटा ओढायचा नाही, दोघांनी उचलून न्यायचा. आवारातून बाहेर जायची एकच वाट आखा आणि ती दगडांच्या रांगेला समांतर ठेवा.

पडलेल्या झाडाची प्रत्येक फांदी कुठेतरी दाबलेली आणि कुठेतरी ताणलेली असते. कापण्याआधी दोन मिनिटं हेच बघायचं. दोन्ही टोकांना टेकलेल्या फांदीचा वरचा भाग दाबाखाली असतो, खालचा ताणाखाली. तिथे आधी वरून जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खाच घ्यायची आणि मग खालून कापत वर यायचं. एका टोकाला टेकलेली आणि दुसरं टोक अधांतरी असलेल्या फांदीचं उलटं: आधी खालून खाच, मग वरून काप. क्रम चुकला तर करवत चिमटली जाते, किंवा लाकूड उभं फाटून अंगावर येतं. खाच मिटायला लागली की लगेच पाचर मारा, ओढाताण करू नका.

खोडाखाली वाकून अडकलेली लवचीक फांदी सर्वांत फसवी. ती गलोलीसारखी सुटते. तिच्या कमानीच्या बाहेर, बाजूला उभं राहून वाकाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं तासत जायचं, म्हणजे ताण हळूहळू जिरतो. एका घावात तोडायची नाही.

झाड उभंच आहे आणि फक्त फांदी फाटून लोंबकळते आहे, असंही होतं. आधी ती दोराने वरच्या भक्कम फांदीवरून बांधून घ्या. मग तीन काप: खोडापासून एक फुटावर खालून पाव जाडीचा, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि राहिलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगत, कडं न दुखवता. ते कडं शाबूत राहिलं की झाड जखम स्वतः भरतं. डांबर किंवा रंग लावायची गरज नाही. फांदी शिडीवर चढून मशीनने कापायची वेळ आली तर ते स्वयंसेवकाचं काम नव्हे. दोरावर चढून काम करणारा प्रशिक्षित माणूस बोलवा.

दगडावर टेकलेलं खोड

इथे वेळ घालवावा. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला एक टन धरा. साठ सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा ओंडका म्हणजे सुमारे २८० किलो. चार फूट उंच, दीड फूट रुंद, आठ इंच जाड वीरगळाचं वजनही तीनशे किलोच्या आसपास भरतं. म्हणजे एक ओंडका वीरगळाच्या माथ्यावर टेकला की दगडाला स्वतःएवढ्या वजनाचा भार झेलावा लागतो, आणि तोही वरच्या टोकाला. जमिनीत रोवलेला दगड अशा वेळी जमिनीलगत मोडतो किंवा मागे कलतो. झाड पडताना जो दगड वाचला तो बहुतेक वेळा झाड कापताना मोडतो, कारण एका बाजूचं वजन कमी झालं की खोड दुसऱ्या बाजूला फिरतं.

म्हणून आधी खोडाचा भार दगडावरून काढून घ्यायचा. दगडाच्या दोन्ही बाजूंना, एक-एक मीटरवर, फळ्या आडव्या-उभ्या रचून चौथरा करा आणि वर स्क्रू जॅक ठेवून खोडाला भिडवा. जॅकच्या डोक्यावर लाकडी ठोकळा हवा, नाहीतर ओल्या सालीवरून तो घसरतो. दोन्ही जॅक बरोबरीने, एकेक फेरा देत उचला. खोड आणि दगड यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवून बघा, तो मोकळा सरकला की भार सुटला. याहून वर उचलायचं कारण नाही. जागा मऊ असेल, आणि वळवानंतर ती असतेच, तर चौथऱ्याखाली रुंद फळी घालावी.

जॅकला जागा नसेल तर तीन बल्ल्यांची घोडी उभारून चेनपुलीने खोड पेलून धरा. बल्ल्यांचे पाय घसरू नयेत म्हणून एकमेकांना दोराने बांधा. दोर वीरगळाला, दीपमाळेला, मंडपाच्या खांबाला बांधायचा नाही. जेसीबीचा आग्रह गावात होतोच. आवाराच्या बाहेर ओंडके भरायला जेसीबी चांगला आहे, आत नको. बकेटचा एक धक्का दगडांची अख्खी ओळ पाडू शकतो, आणि चाकांखाली जमिनीत गाडलेले दगड येतात ते चालकाला दिसत नाहीत.

भार सुटल्यावर खोडाचे तुकडे शेंड्याकडून बुंध्याकडे कापत या. तुकडा दोघांना उचलेल इतकाच करायचा: तीस सेंटिमीटर जाडीचा एक मीटर तुकडा सत्तर किलोचा असतो, त्याहून जाड असेल तर लांबी कमी करा. जाड बुंधा बांबूंच्या रुळांवरून फळीवर सरकवत बाहेर न्या. शेवटचा, दगडावरचा तुकडा चेनपुलीने सरळ वर उचलूनच काढायचा, बाजूला ओढून नाही.

उन्मळलेलं बूड

मुळांसकट पडलेल्या झाडाचं खोड कापलं की मातीचा तो गड्डा परत खड्ड्यात बसतो, कधी हळू, कधी धाडकन. खड्ड्यात कोणी उतरायचं नाही. फोटो काढायला आणि खापरं बघायला पोरं तिथेच उतरतात, म्हणून तिथे एक माणूस उभा करा. कापण्याआधी गड्डा दोराने मागून बांधून घ्या आणि बुडापासून दीड-दोन मीटर खोड शिल्लक ठेवा, तेवढं वजन गड्ड्याला पुढे धरून ठेवतं.

मुळांत खापरं, विटा, घडीव दगड, कधी मूर्तीचा भाग अडकलेला निघतो. तो उपसून काढू नका. जागेवर फोटो घ्या, खड्डा ताडपत्रीने झाका आणि पुरातत्त्व विभागाला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. वस्तू मिळाली ती कोणत्या थरात होती हेच तिचं निम्मं मोल असतं.

लहान झाड, मनगट-दंडाएवढ्या खोडाचं, नुसतं कललं असेल तर ते वाचतं. मुळं ओल्या पोत्याने झाका, शेंडा थोडा हलका करा आणि एक-दोन दिवसांत सरळ करून रुंद पट्ट्याने तीन बाजूंनी बांधा. मात्र दगडांपासून तीन-चार मीटरच्या आत वड-पिंपळ असेल तर तो सरळ करण्याच्या मोहात पडू नये.

विहिरी आणि बारवा

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. अशा बांधीव विहिरीवर फांदी पडली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फांदी कापण्याआधी दोराने बांधा, म्हणजे ती आत पायऱ्यांवर आदळणार नाही. आणि विहिरीत, तळघरात, बंद ओवरीत पेट्रोलचं मशीन चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड खोलगट जागेत साचतो, त्याला वास नसतो, माणूस चक्कर येऊन पाण्यात पडतो. तिथे हातकरवतच.

चिऱ्यांच्या सांध्यात रुजलेली पिंपळाची मुळं ओढून काढायची नाहीत, त्यांच्याबरोबर चिराच बाहेर येतो. भिंतीलगत कापून तशीच ठेवावीत, पुढचा उपाय संवर्धन करणाऱ्याने ठरवावा.

दगड पडला किंवा मोडला असेल तर

उभा करायची घाई नको. सिमेंट, अॅरल्डाइट, एम-सील यांनी जोडलेला दगड पुढे नीट जोडता येत नाही. नखाएवढी कपचीसुद्धा गोळा करा, कागदात गुंडाळून त्या दगडाच्या क्रमांकाची चिठ्ठी घालून ठेवा. आडवा पडलेला दगड पाण्याच्या वाटेत असेल तरच हलवा. स्लिंगने उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. वर ताडपत्री टाका, पण दगडाला चिकटू देऊ नका.

साफसफाई कोरडी, मऊ ब्रशने. चिकाचे डाग साध्या पाण्याने जातील तेवढे जाऊ द्या. तारेचा ब्रश, अॅसिड, साबण, प्रेशर वॉशर यांतलं काही नको. शेंदूर लागलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही. तो गावाचा प्रश्न आहे, झाड काढायला आलेल्यांचा नाही.

लाकूड आणि पाला

लाकूड ग्रामपंचायतीचं की देवस्थानचं हे पंचनाम्यात लिहून घ्या, आणि ते कुठे रचायचं ते पहिल्याच सकाळी ठरवा. देवाच्या झाडाचं लाकूड चुलीत घालत नाहीत अशी अनेक गावांची रीत असते, गुरव आणि विश्वस्तांना विचारा. गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक परवान्याची चौकशी वन विभागाकडे करावी. पाला आवारात पेटवू नका. आगीच्या धगीने बेसॉल्टचे पापुद्रे उडतात, आणि आधीच चिरलेला दगड दुभंगतो. पाला ट्रॉलीत भरून शेतात खताला द्या.

खड्डा लगेच भरू नका. पंचनामा आणि पाहणी झाल्यावर तिथलीच माती घालून, वीत-वीतभर थराने धुमसून भरा. मुरूम किंवा बाहेरची माती आणून टाकली की जुना थर ओळखता येत नाही. शेजारच्या वीरगळांचे पाय मोकळे झाले असतील तर दोन्ही बाजूंनी वाळूची पोती लावून ठेवा, आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की दगडांचा कल फोटोंशी ताडून बघा. खड्डा भरलेल्या जागेकडे दगड एक-दोन सेंटिमीटर जरी झुकला असेल, तर तिकडून आधार द्यायला पोती वाढवा आणि संवर्धन करणाऱ्याला त्याच आठवड्यात बोलवा.